भिंतीआडचा आवाज: नांदेड-लातूरच्या घरांतील लपवलेले होम थिएटर स्पीकर

होम थिएटरचे स्पीकर दिसेनासे करण्याच्या प्रमुख पद्धती चार आहेत. पहिली भिंतीत बसणाऱ्या चौकोनी स्पीकरची. त्याची चौकट भिंतीच्या पातळीत राहते आणि तोंडावर भिंतीच्याच रंगाची जाळी येते. दुसरी पद्धत छतात बसणाऱ्या गोल स्पीकरची. तिसरी पद्धत पूर्ण अदृश्य स्पीकरची. यात शंकूऐवजी सपाट पटल थरथरते आणि त्याच्यावर पुट्टीचा पातळ हात देऊन भिंतीबरोबरच रंग दिला जातो. चौथ्या पद्धतीत स्पीकर नेहमीचाच, खोक्याचा असतो. तो आवाज आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यामागे, कापडी चौकटीमागे किंवा कपाटात ठेवला जातो.

यांपैकी पहिल्या तीन पद्धती पोकळ भिंती आणि पोकळ छते असलेल्या घरांसाठी जन्माला आल्या. अमेरिकेतील घरांच्या भिंती लाकडी उभ्या पट्ट्यांवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. दोन तक्त्यांमधल्या पोकळीत स्पीकर सहज बसतो आणि त्याला जागा करताना घराच्या मजबुतीला धक्का लागत नाही. कॅलिफोर्नियातील सोनान्स या कंपनीने १९८३ मध्ये असे भिंतीतले स्पीकर बाजारात आणले. नांदेड आणि लातूरमध्ये भिंत म्हणजे दगड, वीट किंवा ब्लॉक. बऱ्याच घरांत तीच छताचा भारही पेलते. म्हणून इथे निवडीची सुरुवात स्पीकरच्या माहितीपत्रकापासून करून चालत नाही. आधी घर कशाचे आहे ते पाहावे लागते.

भिंतीत बसवल्याने आवाजाचे काय होते

आजच्या स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत मांडली. चुंबकाच्या फटीतील तारेचे वेटोळे शंकूला पुढे-मागे ढकलते. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची लहर एकमेकींत मिसळली तर खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात. त्यामुळे दोन्ही लहरी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हे काम एरवी खोके करते, तर भिंतीत बसवलेल्या स्पीकरसाठी भिंतच करते.

याचे दोन फायदे आहेत. खोलीत सुटा ठेवलेला स्पीकर खालचे स्वर सगळीकडे सोडतो. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते आणि ती खोक्याला सहज वळसा घालते. भिंतीच्या पातळीत बसलेल्या स्पीकरचा तोच जोर फक्त पुढच्या बाजूला जातो, म्हणून खालचे स्वर भरीव होतात. दुसरा फायदा मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या लहरीशी निगडित आहे. स्पीकरचे तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे असेल तर १४३ हर्ट्झच्या आसपास परतलेली लहर मूळ लहरीला खोडते आणि पुरुषाच्या आवाजातला भरदारपणा कमी होतो. स्पीकर भिंतीतच असेल तर ही खोडाखोड उरत नाही. ध्वनिमुद्रणाच्या अनेक मोठ्या स्टुडिओंत मुख्य स्पीकर भिंतीत बसवलेले असतात, ते याच कारणाने.

तोटेही दोन आहेत. भिंतीतला स्पीकर श्रोत्याकडे वळवता येत नाही. वरचे स्वर सरळ रेषेत झेपावतात, म्हणून बाजूला बसलेल्याला ते कमी ऐकू येतात. वळवता येणारा ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) किंवा आतच तिरका बसवलेला शंकू हा त्यावरचा उपाय आहे. दुसरा तोटा मागच्या पोकळीचा. पोकळी लहान, मोठी किंवा गळकी असेल त्याप्रमाणे खालचा स्वर बदलतो. त्यामुळे मागून बंद खोके असलेले स्पीकर महाग असूनही जाणकार त्यांनाच पसंती देतात. आपल्याकडच्या फॉल्स सीलिंगमध्ये ही गरज आणखी वाढते. तिथली पोकळी खोलीभर एकच असते आणि दिव्यांच्या भोकांतून स्पीकरच्या मागचा आवाज खाली उतरतो.

इथल्या भिंती

नांदेड-लातूरच्या घरांचे या कामापुरते तीन गट पडतात. पहिला जुन्या वाड्यांचा आणि गावठाणातील घरांचा. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दीड ते अडीच फूट जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद अशी त्यांची रचना असते. दुसरा गट विटांच्या भारवाही भिंतींवर स्लॅब टाकलेल्या एक-दोन मजली घरांचा. तिसरा गट काँक्रीटचे कॉलम-बीम उभे करून मधल्या भागात विटा, फ्लाय ॲश विटा किंवा सिपोरेक्स ब्लॉक भरलेल्या इमारतींचा.

पहिल्या गटातील भिंतींचा स्वभाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवून दिला. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा जीव जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याने घेतला. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे रचलेले होते. दोन्हींना जोडणारे लांब आरपार दगड फारसे नव्हते आणि मधे माती व कपचे भरलेले होते. हादरा बसताच दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली. त्या वेळी हा भाग भारताच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात मोडत होता. २००२ च्या सुधारणेत लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला भूकंप नांदेड आणि परभणीतही जाणवला. अशा प्रदेशात स्पीकरसाठी दगडी भिंतीतून दगड काढणे हा निव्वळ सजावटीचा निर्णय राहत नाही. एक दगड काढला की शेजारच्या दगडांचा आधार जातो आणि ओल्या-सुक्या मातीच्या सांध्यात ती पोकळी पसरत जाते. भिंत पाडून नवी बांधायची नसेल, तर अशा भिंतीला हात न लावणे हाच नियम.

विटांच्या भारवाही भिंतीसाठी आकडे उपलब्ध आहेत. भारतीय मानक आयएस १९०५ नुसार उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी, आणि आडव्या खाचा शक्यतो टाळाव्यात. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर भिंतीत उभी खाच फार तर ७६ मिलिमीटर आणि आडवी ३८ मिलिमीटर चालते. साडेचार इंची भिंतीत याच मर्यादा अनुक्रमे ३८ आणि १९ मिलिमीटर होतात. भिंतीत बसणाऱ्या सर्वसाधारण स्पीकरला ९० ते १०० मिलिमीटर खोली लागते आणि रुंदीला सात-आठ इंच, उंचीला अकरा-बारा इंच जागा लागते. वायरसाठी मारलेल्या झिरीपेक्षा हा खड्डा कितीतरी मोठा आहे, आणि झिरीची मर्यादाही तो ओलांडतो. म्हणजे नऊ इंची भिंतीतही स्पीकर नियमात बसत नाही.

वायरची झिरीसुद्धा निरुपद्रवी मानू नये. भूकंपरोधक बांधकामात दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवळणारा सळईसह काँक्रीटचा पट्टा असतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात आणि जुन्या घरांच्या मजबुतीकरणात या पट्ट्यावर विशेष भर होता. छतातून भिंतीतल्या स्पीकरकडे उतरणारी उभी झिरी साधारण सात फुटांवर नेमकी या पट्ट्याला छेदते. कारागीर सवयीने ग्राइंडर चालवतो आणि पट्ट्यातली सळई उघडी पडते किंवा तुटते. पट्ट्याच्या ठिकाणी वायर पृष्ठभागावरून केसिंगमधून न्यावी किंवा आधीच ठेवलेल्या पाइपातून काढावी.

तिसऱ्या गटातील भरावाच्या भिंती छताचा भार घेत नाहीत, म्हणून तिथे मोकळीक थोडी जास्त आहे. तरी चार इंची सिपोरेक्सच्या भिंतीत मोठे भोक पाडले की उरलेली कातळी तडकते आणि पलीकडच्या खोलीत आवाज सरळ पोचतो. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना या गटातही हात लावायचा नाही.

दुसरी भिंत, कोनाडा आणि कपाट

भिंत कापायची नसेल तर स्पीकर लपवायचा कुठे? सर्वांत सुटसुटीत उत्तर म्हणजे मूळ भिंतीपुढे उभारलेली पोकळ भिंत. लोखंडी जस्ताळलेल्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर साडेबारा मिलिमीटर जाडीचे जिप्सम बोर्ड एवढी तिची रचना असते. बोर्डाचे दोन थर दिले तर भिंत स्वतः कमी थरथरते. पोकळीत काचलोकर किंवा दगडी लोकर भरली की आतला घुमारा शोषला जातो. यात खोलीची चार ते पाच इंच रुंदी जाते. बारा फुटांच्या खोलीत ही किंमत फार नाही. वायरी याच पोकळीतून फिरतात, त्यामुळे मूळ भिंतीत एकही झिरी मारावी लागत नाही. पुढे स्पीकर बदलायचा झाला तर बोर्डाचा तुकडा बदलून भागते. सांगाडा लाकडाचा करण्याचा आग्रह इथे सोडावा, कारण बंद पोकळीत वाळवी लागलेली बाहेरून दिसत नाही.

जुन्या दगडी घरांत आणखी एक सोय बांधणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. भिंतीतले कोनाडे मूळ रचनेचा भाग असतात आणि त्यांच्यावर दगडाची किंवा लाकडाची पट्टी आधीपासून असते. मागून बंद असलेला लहान खोक्याचा स्पीकर कोनाड्यात ठेवून तोंडावर कापड ताणलेली चौकट बसवली, तर भिंत न दुखावता स्पीकर लपतो. खोके आणि कोनाड्याच्या कडा यांतली फट लोकरीने भरावी लागते, नाहीतर त्या पोकळीचा स्वतःचा घुमारा ऐकू येतो.

संवादांचा मोठा भाग मधल्या स्पीकरमधून येतो, म्हणून त्याची जागा पडद्याच्या मध्याजवळच हवी. प्रोजेक्टर असेल तर आवाज आरपार जाऊ देणारा विणलेला किंवा बारीक छिद्रांचा पडदा लावून तिन्ही पुढचे स्पीकर त्यामागे ठेवता येतात. चित्रपटगृहांत हेच करतात. टीव्ही असेल तर मधला स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात ठेवावा. कपाटाला पुढून जाड लाकडी दार नको, कापडी किंवा जाळीचे हवे.

भाड्याच्या घरात यांपैकी काहीच करू नये. भिंतीवर टांगायचे सपाट स्पीकर आणि केसिंगमधल्या वायरी घर सोडताना सोबत नेता येतात.

छत

छतातला स्पीकर इथे भिंतीतल्या स्पीकरपेक्षा सोपा ठरतो, कारण पीओपी किंवा जिप्समचे फॉल्स सीलिंग आता लहान शहरांतही सर्रास केले जाते. स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांत निदान पाच-सहा इंच अंतर मिळाले तर सर्वसाधारण स्पीकर बसतो. मागे बंद खोके घ्यायचे असेल तर अंतर वाढवावे लागते. साडेसहा इंची शंकूच्या स्पीकरला सुमारे आठ इंच व्यासाचे भोक लागते.

दोन ते चार किलोचा स्पीकर नुसत्या बोर्डावर लटकवणे चूक आहे. स्पीकरच्या चिमट्यांखाली आधारपट्टी देऊन वजन सांगाड्याच्या दोन पट्ट्यांवर टाकावे. त्याशिवाय प्रत्येक स्पीकरला स्लॅबमध्ये स्वतंत्र फास्टनर मारून पोलादी तार बांधावी. भूकंपाची आठवण असलेल्या प्रदेशात ही तार ऐच्छिक मानू नये. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगलेला असावा. त्याचे वजन फॉल्स सीलिंगवर येता कामा नये.

पंखा हा इथल्या घरांतला मोठा अडसर आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंख्याविना खोली चालत नाही आणि तो खोलीच्या मधोमध असतो. फिरत्या पात्यांच्या वर स्पीकर आला तर आवाज पात्यांवर आदळून थरथरत खाली येतो. म्हणून छतातले स्पीकर पात्यांच्या घेराबाहेर, शक्य तितके दूर घ्यावेत. केवळ चित्रपटासाठीची खोली असेल तर पंखा काढून एसी बसवणे बरे. नांदेडमध्ये उन्हाळ्यात चालणारा मोठा कूलर दोन बाजूंनी अडचणीचा आहे. त्याच्या आवाजात हळुवार संवाद बुडतात आणि त्याची दमट हवा कागदी शंकू व उघड्या जोडांना मानवत नाही. अशा खोलीत पॉलीप्रॉपिलीनच्या शंकूचे आणि न गंजणाऱ्या जाळीचे स्पीकर टिकतात.

गच्चीखालच्या खोलीत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखालची पोकळी खोलीपेक्षा बरीच गरम होते, म्हणून ॲम्प्लिफायर किंवा दिव्यांचे ड्रायव्हर तिथे कोंडू नयेत. दुसरी गोष्ट ओल. लातूरमध्ये नळाचे पाणी रोज येत नसल्याने गच्चीवर मोठ्या टाक्या असतात आणि टाकीखालचा स्लॅब पाझरतो. फॉल्स सीलिंग एकदा बंद झाले की पाझर उशिरा कळतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी करावे आणि एक पावसाळा गेल्यावर छताचे काम घ्यावे, हा क्रम सर्वांत सुरक्षित.

माळवदाच्या घरात छतातले स्पीकर टाळावेत. तुळईला भोक पाडू नये आणि माळवदाखालून माती झिरपत असताना तिथे स्पीकर टिकत नाही. पत्र्याच्या छताखाली फॉल्स सीलिंग करता येते, पण पावसाचा आवाज कोणत्याही स्पीकरला झाकून टाकतो. पत्र्याखाली लोकरीचा जाड थर दिल्याशिवाय तिथे चित्रपटाची खोली होत नाही.

पुट्टीखालच्या अदृश्य स्पीकरबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. दिवाणखान्यात काहीच दिसू नये असे वाटणाऱ्यांना तो आवडतो. नांदेड-लातूरच्या बऱ्याच भागात घरे काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पाया नीट घेतला नसेल तर भिंतींना हंगामी तडे जातात. तडा जायला सर्वांत कच्ची जागा म्हणजे पटल आणि बोर्ड यांचा सांधा. शिवाय असा स्पीकर बिघडला की भिंत फोडून काढावा लागतो. जाळी काढून पाहता येणारा स्पीकर या भागासाठी अधिक व्यवहार्य आहे.

जागा आणि कोन

आजच्या होम थिएटरची मांडणी डॉल्बीच्या मार्गदर्शनावर उभी आहे. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा सुरू केली. डोक्यावरच्या स्पीकरांचा डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरांत आला. छतातल्या स्पीकरला खरी गरज त्यानेच मिळवून दिली.

५.१ मांडणीत मधला स्पीकर समोर, डावा-उजवा मध्यरेषेपासून २२ ते ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर श्रोत्याच्या किंचित मागे, ११० ते १२० अंशांवर येतात. उरलेला एक म्हणजे खालच्या स्वरांचा सबवूफर. पुढचे तिन्ही आणि सराउंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीजवळ असावेत. पाचही स्पीकर छतात टाकणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. पडद्यावरचा माणूस समोर बोलतो आणि त्याचा आवाज डोक्यावरून येतो, हा विसंगतपणा मेंदू पहिल्या मिनिटाला ओळखतो. पुढचे तीन खाली घेणे अशक्यच असेल तर तिरक्या शंकूचे छतातले स्पीकर पडद्याच्या अगदी जवळ घ्यावेत, म्हणजे विसंगती थोडी कमी होते.

ॲटमॉससाठीच्या स्पीकरांचे गणित सोपे आहे. फॉल्स सीलिंग नऊ फुटांवर आणि बसलेल्या माणसाचा कान साडेतीन फुटांवर धरला तर उभे अंतर साडेपाच फूट. स्पीकर ४५ अंशांवर हवा असेल तर तो आसनाच्या साडेपाच फूट पुढे यावा. पंधरा फूट लांब खोलीत पडद्यापासून दहा फुटांवर आसन असेल तर मागची जोडी आसनाच्या मागे चार फुटांवर घेता येते. समोरून मोजल्यास हा कोन १२६ अंश होतो आणि डॉल्बीच्या १२५ ते १५० अंशांच्या मर्यादेत बसतो. बारा फुटांच्या खोलीत चार स्पीकरांचा अट्टहास करू नये. आसनाच्या एक फूट पुढे दोन स्पीकर दिले तर कोन ८० अंश येतो आणि तो योग्य मर्यादेत असतो.

वायर आणि पाइप

घर बांधताना हा विचार झाला तर अर्धे काम फुकटात होते. स्लॅब भरण्याआधी फॅन बॉक्सबरोबरच स्पीकरच्या जागांपर्यंत २५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप टाकून त्यांत ओढण्याची तार ठेवावी. प्रत्येक स्पीकरपासून ॲम्प्लिफायरच्या कपाटापर्यंत स्वतंत्र वायर हवी.

जाडीचा हिशेब असा. दहा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध सुमारे ०.२३ ओहम, अडीचच्या वायरचा ०.१४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरसाठी दोन्ही चालतात. चार ओहमच्या स्पीकरसाठी किंवा लांब अंतरासाठी अडीचची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर रोधात मार खाते आणि जोडांवर लवकर बिघडते. भिंतीआड जाणारी वायर अस्सल तांब्याचीच हवी.

स्पीकरची वायर आणि विजेची वायर एका पाइपात कधीच नको. समांतर जाताना एक फूट अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडताना काटकोनात ओलांडावे. उंदीर फॉल्स सीलिंगमधली उघडी वायर कुरतडतात आणि पाली उबेला स्पीकरमागे जातात, म्हणून पोकळीतही वायर लवचीक पाइपातूनच न्यावी. विजेचा दाब वरखाली होतो आणि वळवाच्या दिवसांत विजा पडतात. चांगले अर्थिंग, लाटरोधक आणि गरजेनुसार स्टॅबिलायझर यांचा खर्च ॲम्प्लिफायरच्या खर्चातच धरावा.

बाजारातली एक गफलत टाळायला हवी. दुकाने, रुग्णालये, हॉटेले आणि शिकवणी वर्ग यांत लावले जाणारे छतातले स्पीकर बहुधा १०० व्होल्ट लाइनचे असतात. त्यांत ट्रान्सफॉर्मर असतो आणि ते लांबवर बोलणे पोचवण्यासाठी केलेले असतात. दिसायला ते होम थिएटरच्या स्पीकरसारखेच असले तरी घरच्या ॲम्प्लिफायरला ते जोडू नयेत.

खोलीचा घुमारा आणि शेजारी

सिमेंटचा गिलावा, टाइल्स किंवा शहाबादी फरशी आणि मोठी काच असलेली खोली आवाज शोषत नाही. वॉलेस सबाइन यांनी १८९०च्या दशकात हार्वर्डमध्ये शोधलेल्या सूत्राने घुमाऱ्याचा काळ काढता येतो. बारा बाय पंधरा फुटांची, दहा फूट उंचीची रिकामी खोली घेतली तर आकारमान ५१ घनमीटर आणि आतला पृष्ठभाग सुमारे ८४ चौरस मीटर होतो. गिलावा आणि फरशी तीन टक्केच आवाज शोषतात असे धरले तर घुमारा तीन सेकंदांहून अधिक येतो. चित्रपटासाठी ०.३ ते ०.५ सेकंद हवे. त्यासाठी सुमारे २० चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाएवढी सोय लागते. जाड गालिचा, चुण्यांचे जड पडदे, कापडी सोफा, पुस्तकांचे कपाट आणि पहिल्या परावर्तनाच्या जागी लोकरीचे कापडी फलक यांनी ती होते. 'सैराट' (२०१६) चे वाद्यवृंदाचे संगीत हॉलिवुडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाले. अशा ध्वनिमुद्रणात त्या दालनाचा घुमारा आधीच असतो. खोलीने स्वतःचे दोन-तीन सेकंद त्यात घातले तर सगळे एकमेकांत मिसळते. महाग स्पीकरवरचा खर्च थोडा कमी करून तो गालिचा आणि फलकांवर केला तर आवाज जास्त सुधारतो.

खालच्या स्वरांसाठी खोलीची मापे महत्त्वाची ठरतात. पंधरा फूट लांबीत ३७.५ हर्ट्झ, बारा फूट रुंदीत ४७ हर्ट्झ आणि दहा फूट उंचीत ५६ हर्ट्झच्या आसपास स्वर फुगतो. दहा बाय दहा बाय दहाच्या खोलीत तिन्ही स्वर एकाच जागी येतात आणि ढम्म आवाज होतो. म्हणून चौरस खोली शक्यतो निवडू नये.

आवाज घराबाहेर किती जातो, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीला एका स्पीकरचा उच्चांक १०५ डेसिबल आणि खालच्या स्वरांचा ११५ डेसिबलपर्यंत जातो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत मधल्या स्वरांना ५० डेसिबलच्या आसपास अडवते, पण खालचे स्वर तिच्यातून बरेच निसटतात. दाराखालची फट, खिडकीची सैल झडप आणि भिंतीत पाडलेले भोक हे सगळे या बचावातले खिंडार असते. भिंतीच्या पृष्ठभागापैकी एक टक्का जरी उघडा राहिला तर एरवी कितीही जाड असलेली भिंत २० डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील आवाज तिच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. लातूरच्या अनेक गल्ल्यांत एका भिंतीपलीकडे परीक्षेची तयारी करणारी मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. सबवूफरखाली रबराचे पाय, दाराला रबरी पट्टी आणि रात्री दहानंतर ॲम्प्लिफायरमधला रात्रीचा आवाज-पर्याय एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यायलाच हवी.

कामाचा क्रम आणि जुळवणी

कामे पुढील क्रमाने केली तर तोडफोड टळते. आधी आसन आणि पडदा यांच्या जागा ठरवून कोन मोजावेत. मग इलेक्ट्रिशियनने पाइप आणि वायरी टाकाव्यात, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नाव लावावे आणि भिंती बंद होण्याआधी सगळ्याचे मोजपट्टीसह फोटो काढून ठेवावेत. त्यानंतर सांगाडा, आधारपट्ट्या आणि स्लॅबला बांधलेल्या तारा. मग लोकर, बोर्ड आणि भोके. स्पीकर बसवून प्रत्येकाची धन-ऋण जोडणी तपासावी आणि २० ते २०० हर्ट्झपर्यंत सरकता स्वर वाजवावा. कुठे पट्टी खडखडते, कुठे दिव्याची कडी वाजते, ते याच वेळी कळते आणि रंगाआधीच दुरुस्त होते. जाळ्या काढून वेगळ्या रंगवाव्यात. रंग ब्रशने दिला तर छिद्रे बुजतात, म्हणून पातळ फवारा मारावा.

शेवटी ॲम्प्लिफायरबरोबर येणारा मायक्रोफोन आसनावर कानाच्या उंचीला ठेवून जुळवणी चालवावी. ती प्रत्येक स्पीकरचे अंतर, पातळी आणि स्वर मोजते. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे जवळच्या स्पीकरला थोडा उशीर देऊन सगळ्यांचा आवाज एकाच वेळी कानावर आणता येतो. खालच्या स्वरांची सीमा बहुधा ८० हर्ट्झवर ठेवतात. त्याखालचे काम सबवूफरकडे गेले की छतातल्या लहान स्पीकरवरचा ताण कमी होतो. पंखा किंवा एसी एरवी चालतो तसाच चालू ठेवून एकदा ऐकून पाहावे, म्हणजे प्रत्यक्ष वापरातले चित्र कळते.

देखभाल थोडीच असते. पावसाळ्यानंतर जाळी काढून ओल, गंज आणि कीड पाहावी. रंगकामाच्या वेळी स्पीकरच्या तोंडावर कागद लावावा. भूकंपाचा हादरा जाणवल्यावर पोलादी तारा आणि आधारपट्ट्या तपासाव्यात.

कोणत्या घराला काय

दगड-मातीच्या घरात कोनाडे, कपाटे आणि कापडी चौकटी योग्य. भिंत आणि माळवद यांना हात लावू नये. विटांच्या भारवाही घरात पुढच्या स्पीकरांसाठी जिप्समची दुसरी भिंत आणि वरच्यांसाठी फॉल्स सीलिंग घ्यावे, दारे-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा अखंड ठेवावा. कॉलम-बीमच्या नव्या घरात स्लॅबआधी पाइप टाकून जवळजवळ सगळे पर्याय खुले राहतात. भाड्याच्या घरात टांगायचे स्पीकर पुरेत. छोट्या खोलीत पाच चांगले स्पीकर आणि एक सबवूफर हे अकरा साधारण स्पीकरांपेक्षा बरे. या सगळ्या निवडींत भिंतीची ताकद ही पहिली कसोटी, शेजाऱ्याची झोप दुसरी आणि पडद्यासमोर बसलेल्याचे कान तिसरी. या क्रमाने ठरवलेली मांडणी सुरक्षितही राहते आणि ऐकायलाही चांगली होते.